फोनवरचं आरोग्य: अपुऱ्या माहितीचं वाचन

(सदर, नागपूर इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

 

आधी 'आम्ही' म्हणजे कोण, ते सांगून टाकतो. आम्ही डॉक्टर नाही. मराठी मजकूर बारकाईनं वाचायची सवय लागलेली चार माणसं आहोत. कधी कादंबरीवर बोलतो, कधी नाटकावर. गेली काही वर्षं मात्र आम्ही एक वेगळाच मजकूर जमवतो आणि वाचतो आहोत: फोनवर येणारा आरोग्याचा मजकूर. घरोघरी रोज सकाळी हे गद्य वाचलं जातं आणि त्याची समीक्षा मात्र कोणी करत नाही. कवितेच्या ओळीचा चुकीचा अर्थ लावला तर कुणाचं यकृत बिघडत नाही. इथे बिघडू शकतं. म्हणून आजचा विषय.

या विषयावर पहिला प्रश्न नेहमी एकच येतो. नेटवरची माहिती खरी असते की खोटी? प्रश्न जुना आहे. १९९७ साली, म्हणजे आपल्याकडे इंटरनेट जेमतेम पोहोचलं होतं तेव्हा, इटलीतल्या संशोधकांनी 'मुलाला ताप आला तर घरी काय करावं' या एकाच विषयावरची ४१ वेब-पानं तपासली. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ते छापून आलं. मान्य वैद्यकीय सल्ल्याशी नीट जुळणारी पानं निघाली फक्त ४. पुढे २००२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात अशा ७९ अभ्यासांचा एकत्र आढावा आला. त्यातले ५५ अभ्यास म्हणत होते की दर्जा हा प्रश्न आहे. १७ तटस्थ होते आणि ७ अभ्यासांना दर्जा बरा वाटला होता.

त्या आढाव्यातली एक बाब आमच्या कामाची आहे. दर्जा मोजायला वापरलेल्या निकषांत अचूकता आणि परिपूर्णता हे दोन वेगवेगळे निकष होते. मजकूर अचूक आहे का, हा एक प्रश्न. मजकूर पुरता आहे का, हा दुसरा. आम्ही बरेच दिवस पहिल्याच प्रश्नाभोवती फिरत होतो. लिंबाने कॅन्सर बरा होतो असलं काही आलं की हसायचो आणि स्वतःला शहाणे समजायचो. पण जमवलेला मजकूर पुन्हा वाचत गेलो तसं लक्षात आलं की माणसांचं नुकसान ज्यानं केलं, त्यातला बराच मजकूर खोटा नव्हताच. तो अपुरा होता. आजचं आमचं म्हणणं एवढंच आहे. बाकी सगळी उदाहरणं.

पहिलं उदाहरण आपल्याच गावचं. एप्रिल २०२१. इथे बसलेल्या कुणालाही ते दिवस आठवून द्यायची गरज नाही. मेडिकल भरलेलं, मेयो भरलेलं, आणि प्रत्येक फोनवर एकच मेसेज: 'पेशंट सिरीयस आहे. रेमडेसिविरची ६ इंजेक्शनं पाहिजेत. कृपया फॉरवर्ड करा.' खाली नंबर. आम्हा चौघांपैकी तिघांनी असले मेसेज पुढे पाठवले. इथून जवळच, सिव्हिल लाइन्समध्ये, उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ बसतं. त्या खंडपीठाने या सगळ्याची स्वतःहून दखल घेतली आणि नागपूरसाठी १० हजार कुप्या तातडीनं द्या, असा आदेश राज्य सरकारला दिला. त्याआधी ११ एप्रिलला केंद्र सरकारनं या औषधाची निर्यात थांबवली होती. काळ्या बाजारात कुपी घेण्यासाठी लोकांनी दागिने मोडले.

आता त्या मेसेजमधली माहिती खोटी होती का? नाही. रेमडेसिविर हे खरं औषध आहे. जून २०२० मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांनी त्याच्या मर्यादित, आणीबाणीतल्या वापराला परवानगी दिली होती. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, ऑक्सिजनची गरज वगैरे असलेल्या, दाखल रुग्णांचा बरं होण्याचा काळ १५ दिवसांवरून १० दिवसांवर आलेला दिसला होता. इथवर सगळं खरं.

पण त्याच चाचणीत मृत्यू कमी होतात हे ठामपणे सिद्ध झालं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीतही मृत्यूंवर म्हणावा तसा परिणाम दिसला नाही, आणि २० नोव्हेंबर २०२० ला संघटनेनं दाखल रुग्णांना हे औषध देऊ नये अशी सशर्त शिफारस केली. म्हणजे आपल्या एप्रिलच्या ५ महिने आधी. आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत, एप्रिल २०२१ मध्येच, लिहिलेलं होतं की ऑक्सिजन लागणाऱ्या निवडक रुग्णांनाच, लक्षणं सुरू झाल्यापासून १० दिवसांच्या आत याचा विचार करावा. मूत्रपिंड किंवा यकृताचा त्रास असेल तर नको. ऑक्सिजनवर नसलेल्याला नको. घरी तर नकोच.

हा सगळा भाग मेसेजमध्ये नव्हता. औषधाचं नाव तेवढं होतं. कोणाला द्यायचं, कितव्या दिवशी द्यायचं, दिलं तर किती फायदा, न मिळालं तर काय बिघडतं, हे सगळं गळून गेलं आणि उरला एक शब्द. तो शब्द म्हणजेच जीव, असं लोकांना वाटलं. ज्या घरात इंजेक्शन मिळालं नाही आणि माणूस गेला, तिथे आजही कोणीतरी म्हणतो, 'तेव्हा ६ इंजेक्शनं मिळाली असती तर.' आम्हाला अपुऱ्या माहितीचं सगळ्यात मोठं नुकसान हे वाटतं. पैसे गेले ते गेलेच. पण एका मुलाच्या डोक्यावर बापाच्या मरणाचा दोष बसला, आणि तो दोष त्याचा नव्हता.

गोष्ट इथे संपत नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आमच्या बाजूनं सोपीही होत नाही. एप्रिल २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस बदलली. आजार तीव्र झालेला नाही पण दवाखान्यात जायची वेळ येण्याचा धोका सगळ्यात जास्त आहे, अशा रुग्णांसाठी हे औषध सुचवलं. सप्टेंबर २०२२ मध्ये तीव्र आजाराच्या रुग्णांसाठीही सशर्त शिफारस आली. अतिगंभीर रुग्णांसाठी मात्र नाही. कुणी म्हणेल, बघा, तुम्हीच चुकलात. आम्ही म्हणतो, तारीख बघा. आरोग्याच्या मजकुरावर तारीख नसेल तर तो खरा की खोटा हे ठरवताच येत नाही. दुधाच्या पिशवीवर आपण तारीख बघतो. औषधाच्या मेसेजवर कधी बघितली?

दुसरं उदाहरण याहून कडू आहे, कारण तिथे औषध खरोखर जीव वाचवणारं होतं. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीचा निकाल आला: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांमधले एक पंचमांशाने कमी झाले. त्याच निकालात पुढचं वाक्य होतं: ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना फायदा नाही. पहिलं वाक्य फोनवर आलं. दुसरं वाटेत पडलं. मग दुसऱ्या लाटेत लोकांनी ताप आला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरीच स्टेरॉइड सुरू केलं. काहींना कुणी लिहून दिलं होतं, काहींनी कुणाची तरी जुनी चिठ्ठी फोनवर बघून आणलं. पाठोपाठ म्युकरमायकोसिस आला. नागपुरात किती लोकांचे डोळे, जबडे गेले ते आपण पाहिलं. त्याची कारणं अनेक होती. आटोक्यात नसलेला मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही त्यातली मोठी. स्टेरॉइडनं साखर वाढते, हे वाक्य त्या फॉरवर्डमध्ये एका ओळीत बसलं असतं.

आता याच महिन्यांतला एक चांगला मजकूर घेऊ. टीकाच करत बसलो तर ती एकांगी होईल. राज्याच्या आरोग्य विभागानं तेव्हा '६ मिनिटं चालण्याची चाचणी' मराठीत सांगितली होती. बोटाला ऑक्सिमीटर लावून आधी आकडा बघा. घरातल्या घरात ६ मिनिटं चाला. पुन्हा बघा. आकडा ९३ च्या खाली आला, किंवा आधीपेक्षा ३ पेक्षा जास्त घसरला, किंवा धाप लागली, तर दवाखान्यात जा. वय ६० च्या वर असेल तर ३ मिनिटंच चाला. दम्याच्या रुग्णांनी ही चाचणी करू नये.

समीक्षक म्हणून आम्ही हा परिच्छेद उत्तम मराठी गद्य मानतो. त्यात एकही विशेषण नाही. काय करायचं, कोणी करायचं, कोणी करायचं नाही आणि पुढचं पाऊल कोणतं, हे सगळं आहे. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसालाही तो कळतो आणि डॉक्टरलाही त्यात खोट काढता येत नाही. एवढ्यासाठी प्रतिभा लागत नाही. लिहिणाऱ्यानं वाचणाऱ्याचा विचार करावा लागतो, बस.

याच्या शेजारी आपल्या नेहमीच्या मजकुराची भाषा ठेवून बघा. 'रामबाण', 'मुळापासून', 'कोणताही दुष्परिणाम नाही', 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा'. हे शब्द दिसले की आता बरेच लोक सावध होतात. त्यापेक्षा लपलेली चूक क्रियापदात असते. इंग्रजी अभ्यासात लिहिलेलं असतं की अमुक पदार्थामुळे धोका कमी 'होऊ शकतो'. मराठीत येताना ते 'कमी होतो' असं होतं. तिथे असतं की दोन गोष्टी 'सोबत आढळल्या'. आपल्याकडे एकीमुळे दुसरी 'झाली'. आजार 'आटोक्यात राहतो' याचं 'बरा होतो' होतं. मधुमेहाच्या माणसाला 'बरा होतो' असं वाचायला मिळालं आणि त्यानं गोळ्या सोडल्या, तर दोष एका क्रियापदाचा आहे. भाषांतर करणाऱ्याला वाटतं, वाक्य ठसठशीत झालं. झालं खरं. पण संशोधकानं मुद्दाम ठेवलेली शंका त्यानं पुसून टाकली.

तिसरं उदाहरण गुळवेलीचं. २०२० मध्ये घराघरांत काढा होता आणि काढ्यात गुळवेल. मुंबईतल्या डॉक्टरांनी त्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत यकृताला इजा झालेले ६ रुग्ण पाहिले, जे गुळवेल घेत होते, आणि २०२१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला: वनस्पती नीट ओळखलेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात असू शकते, गुळवेल सुरक्षित आहे. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांतले असेच आणखी रुग्ण दुसऱ्या डॉक्टरांनी मांडले.

या वादात निवाडा करायचा आमचा अधिकार नाही. पण वाचक म्हणून एक गोष्ट दिसते. दोन्ही बाजू खऱ्या मानल्या तरी घरात काढा करणाऱ्या बाईच्या हाती काय लागलं? तिला कोणी सांगितलं होतं का, की सारखी दिसणारी दुसरी वेल असते? किती घ्यायचं, किती दिवस घ्यायचं, कावीळ होऊन गेलेल्यानं घ्यायचं का? 'घरगुती आहे, घ्यायला काय हरकत' एवढंच तिच्यापर्यंत आलं. मंत्रालयाचं म्हणणं बरोबर असेल, तर वेल ओळखायची कशी हे आधी सांगायला हवं होतं. डॉक्टरांचं बरोबर असेल, तर कधी थांबायचं हे सांगायला हवं होतं. मजकूर दोन्हीकडून अपुराच.

आता 'ग्राहक' या शब्दाकडे येतो. आरोग्याच्या माहितीचे ग्राहक, असं हल्ली म्हटलं जातं. महाराष्ट्राला हा शब्द चांगला माहीत आहे. ग्राहक पंचायतीची चळवळ इथे सत्तरच्या दशकात उभी राहिली, १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सांगितलं की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्याखाली येते. म्हणजे फी घेतलेल्या डॉक्टरला तुम्ही जाब विचारू शकता.

पण फोनवरच्या मजकुराचे तुम्ही पैसे देत नाही. मग तुम्ही ग्राहक कसे? जाहिरातदाराला तुमचं लक्ष विकलं जातं; त्या व्यवहारात तुम्ही माल आहात. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं आरोग्यावर बोलणाऱ्या नामवंत लोकांसाठी आणि इन्फ्लुएन्सरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पात्रता असेल तर ती सांगा. तज्ज्ञ म्हणून बोलत असाल तर हा डॉक्टरच्या सल्ल्याला पर्याय नाही, असं स्पष्ट सांगा. पाणी प्या, व्यायाम करा, अशा सर्वसाधारण सल्ल्याला सूट. सूचना चांगल्या आहेत. पण त्यातून जे वाक्य सगळीकडे पसरलं ते असं: 'ही माहिती केवळ माहितीसाठी आहे. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.'

आम्ही या वाक्यावर बराच वेळ घालवला. वरच्या दहा ओळींत उपाय सांगायचा आणि अकराव्या ओळीत जबाबदारी वाचकाकडे ढकलायची. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, पण कधी? आज, उद्या, की रात्री दोन वाजता उठून? '९३ च्या खाली गेला तर' हे वाक्य वाचकाला मदत करतं. 'सल्ला घ्यावा' हे वाक्य लिहिणाऱ्याला मदत करतं.

शेवटचं उदाहरण विदर्भाचं, आणि खरं सांगायचं तर याच्यासाठीच आम्ही हा विषय घेतला. सिकलसेल. आपल्या भागात, आदिवासी आणि इतर अनेक समाजांत, हा आनुवंशिक आजार आहे. जुलै २०२३ पासून देशभर त्याची मोहीम सुरू झाली. तपासणीची पहिली, स्वस्त चाचणी ही विद्राव्यतेची असते. ती 'पॉझिटिव्ह' आली म्हणजे रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. पण माणूस नुसता वाहक आहे की आजारी, हे ती सांगत नाही. त्यासाठी पुढची, इलेक्ट्रोफोरेसिससारखी तपासणी लागते.

आमच्या ओळखीच्या एका घरात मुलीचा असा कागद आला. कागदावर 'पॉझिटिव्ह'. वरून कोणी काही समजावलं नाही. भावानं फोनवर शोधलं. जे सापडलं ते खरं होतं: असह्य वेदना, वारंवार दाखल होणं, रक्त चढवणं, कमी आयुष्य. सगळं आजारी माणसाचं वर्णन. बरंचसं परदेशातल्या रुग्णांवरून लिहिलेलं. घरात रडारड झाली. ठरत आलेलं लग्न थांबलं. आई म्हणत होती, 'माझ्या पोरीनं काय केलं होतं बाप्पा?' दोन महिन्यांनी पुढची तपासणी झाली. मुलगी वाहक निघाली. वाहक माणूस सहसा निरोगी आयुष्य जगतो. जोडीदाराच्या रक्तात सिकलसेल किंवा थॅलेसेमियासारखा दोष नसेल, तर त्यांच्या मुलांना हा आजार होत नाही. प्रत्येक मूल वाहक असण्याची शक्यता निम्मी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के. प्रत्येक गरोदरपणात. चार मुलांतलं एक, असा त्याचा अर्थ नाही. पहिलंच असू शकतं, किंवा एकही नसू शकतं.

आणि आजार असला तरी सगळं संपत नाही. हायड्रॉक्सियुरियानं अनेकांचे वेदनेचे झटके कमी होतात. आपल्याकडच्या मुलांमध्ये त्याच्या कमी मात्रेचा अभ्यास झाला तो नागपुरातच, आपल्या मेडिकलमध्ये. बघा, ज्ञान तयार झालं या शहरात, इंग्रजीत छापलं गेलं, आणि त्या भावाच्या फोनवर पोहोचलं नाही. केंद्राचं राष्ट्रीय आरोग्य पोर्टल २०१४ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याच्या सहा भाषांत मराठी नव्हती. मराठीत प्रयत्नच झाले नाहीत असं नाही. डॉ. श्याम अष्टेकरांचं 'भारतवैद्यक' हे आरोग्यसेवकांसाठीचं काम लक्षणापासून सुरू होतं आणि कधी पुढे पाठवायचं ते सांगतं. पण असं काम मोजकं, आणि फॉरवर्डचा पूर मोठा.

श्रोत्यांतून आत्ता एक चिठ्ठी आली आहे: 'मग आम्ही वाचायचंच नाही का?' नाही हो, वाचा. नक्की वाचा. डॉक्टर तीन मिनिटं देतात, माणूस विचारणार कुणाला? पण वाचताना मजकुराला चार प्रश्न विचारा. हे कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही? हे कधी लिहिलंय? फायदा नेमका कशात आणि किती? आणि मी कधी थांबायचं, कधी दवाखान्यात जायचं? चारांतली दोन उत्तरं नसतील तर मजकूर खरा असला तरी पुढे पाठवू नका.

मात्र हे सगळं ओझं वाचकावर टाकून आम्ही घरी गेलो, तर त्या 'सल्ला घ्यावा' वाल्यांत आणि आमच्यात फरक राहणार नाही. रात्री अकरा वाजता घाबरलेल्या भावाकडून चार प्रश्नांची अपेक्षा करणं सोपं नाही. म्हणून दुसरी मागणी लिहिणाऱ्यांकडे. इथे डॉक्टर मंडळी बसली आहेत, प्रयोगशाळा चालवणारेही असतील. तुमच्या 'पॉझिटिव्ह' लिहिलेल्या कागदाच्या मागची बाजू कोरी असते. तिथे मराठीत पाच ओळी छापा: या चाचणीनं काय कळतं, काय कळत नाही, पुढची तपासणी कोणती, ती कुठे होते, आणि तोवर घाबरू नका. शब्द अडले तर आम्हाला बोलवा. आम्ही चौघं येऊन बसू, पैसे लागणार नाहीत.

त्या मुलीचं लग्न पुढे झालं. दुसऱ्या घरी झालं. पहिल्या घरच्यांनी पुन्हा फोन उचलला नाही.

पुढच्या बैठकीला येताना तुमच्या फोनमधला एक आरोग्याचा मेसेज घेऊन या. खरा वाटणारा आणा, ज्यावर तुमचा विश्वास बसला होता असा. आपण सगळे मिळून तो वाचू.